मंडळीच्या सभेत बोलावे कोणी?

मंडळीच्या कारभारी सभेत मत कोणी द्यावे, ह्याविषयी नियमांच्या पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. सभासद कोणास म्हणावे, प्रतिनिधी किती निवडावे, सभा भरण्यास किती जण हजर असावे, हे सर्व तेथे सापडते. बोलावे कोणी, ह्याविषयी मात्र ती पुस्तके थोडकेच सांगतात. ज्यास मत त्यास बोल, आणि ज्यास मत नाही त्याने बाहेर ओट्यावर बसावे, असे गृहीत धरून आपण चाललो आहो. हे गृहीत खरे आहे काय, एवढाच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मत आणि बोल ह्या दोन निराळ्या वस्तू होत. मत थोड्यांच्या हाती असावे ह्यास कारणे असू शकतात. परंतु ज्याच्या आयुष्यावर ठराव जाऊन पडणार, त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून मत घेणे हा अन्याय होय. मग त्याचे नाव पटावर असो अथवा नसो.

गणना ह्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आमच्या व्यासपीठांवरून फारसा वाचला जात नाही. सलाफहाद नावाचा मनुष्य रानात मेला. त्यास पुत्र नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ह्या पाच मुली होत्या. सव्विसाव्या अध्यायात वतनासाठी इस्राएलाची शिरगणती झाली, तीत मोजले गेले ते वीस वर्षांचे व त्यांवरचे लढण्याजोगे पुरुष. मुली त्या मोजणीत नव्हत्याच. तरी त्या उठल्या आणि दर्शनमंडपाच्या दारापाशी येऊन मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या व बोलल्या. आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का जावे, आम्हांस वतन द्या, असे त्यांचे मागणे होते. तुम्ही कोणाच्या परवानगीने येथे आलात, असे मोशेने त्यांस विचारले नाही. कलम कोणते, हेही विचारले नाही. त्याने त्यांचा वाद परमेश्वरापुढे नेला, आणि त्या मुलींचे म्हणणे बरोबर आहे असा निवाडा आला. शास्त्रात नवा नियम लिहिला गेला तो ह्या मोजणीबाहेरच्या पाच जणींच्या बोलण्यावरून. त्या दिवशी दारावरच्या कोणी त्यांस मागे लावले असते, तर मोशेस तो प्रश्न सुचला असता असे मानण्यास त्या अध्यायात काहीच आधार नाही.

हीच गोष्ट पुढे छत्तिसाव्या अध्यायात चालू राहते. त्याच कुळाचे वडील मोशेकडे येतात आणि म्हणतात, ह्या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर आमचे वतन तिकडे जाईल. त्यांचेही ऐकले जाते, आणि पहिल्या निवाड्यास मर्यादा घातली जाते. मात्र ह्या दुसऱ्या वेळी मुली हजर होत्या की नाही, त्यांस कोणी विचारले की नाही, हे तेथे सांगितलेले नाही. वडिलांस आपले म्हणणे मांडण्यास वाट शोधावी लागत नाही. ती वाट त्यांच्यासाठी नेहमीच झाडलेली असते.

ही गोष्ट आम्हांस रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्याने जाताना वारंवार आठवते. त्या रस्त्यावर आरे-वारे ही जोडगावे लागतात. डोंगराच्या वळणावरून खाली पाहावे तो पांढऱ्या वाळूचे दोन किनारे, सुरूची बने आणि खाडीचे मुख असे दिसते की गाडीवान आपोआप गाडी थांबवितो. आता तेथे थांबणाऱ्यांची गर्दी झाली आहे, आणि जेथे गर्दी थांबते तेथे जमिनीस भाव येतो. आमची मंडळी त्या गावांत आहे म्हणून नव्हे, तर जो प्रश्न आम्ही मांडीत आहो तो अशा किनाऱ्यावर डोळ्यांस दिसतो म्हणून हे उदाहरण घेतले. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीसवीस, तीसतीस नावे सामाईक असतात. त्यांतील निम्मी मुंबईस. बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतलेली असतात. कोठे राजीखुशीने, कोठे माहेर तुटेल ह्या भीतीने. घरात राहून माडास पाणी घालणारी विधवा काकी असते, पण तिचे नाव चढविण्याचे राहून गेलेले असते. सौदा ठरतो तेव्हा सही करणारे एका बाजूस बसतात आणि राहणारे दुसऱ्या बाजूस उभे असतात. कायद्याने पाहिले तर सहीवाल्यांचे चुकले नाही. तथापि त्या काकीस एकदा जवळ बसवून, बाई, तुम्हांस काय वाटते, असे विचारण्यास कोणता कायदा आड येत होता?

ह्याच जिल्ह्यात खोतीचा अंमल होता तेव्हा जमीन कसणाऱ्या कुळाने खोतापुढे तोंड उघडणे कठीण होते. गावात बोलता येत नव्हते म्हणून ते बोलणे मुंबईस न्यावे लागले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकरी मोर्चाने तेथील कौन्सिल हॉलवर गेले. मत देणारे आत होते; ज्यांच्याविषयी मत द्यावयाचे ते दारापाशी आले होते, सलाफहादाच्या मुलींसारखे. खोती रद्द करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. इतका काळ लागला तो कुळांची बाजू लंगडी होती म्हणून नव्हे.

आता आपल्या घरात पाहू. मिशनऱ्यांनी घेतलेल्या जमिनी, शाळांची आवारे, पाळकांची घरे, कबरस्ताने ही आज मंडळीच्या विश्वस्तांच्या हाती आहेत. शहराजवळची व समुद्राजवळची जमीन विकावी किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी, अशा सूचना सभांतून येतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे स्थावर विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ही एक देवाची कृपाच म्हणावयाची. पण आयुक्तांच्या कचेरीत जातात ते ठरावाचे कागद. ठरावाच्या वेळी कोण गप्प होते हे कागदावर येत नाही. त्या आवारात तीस वर्षे राहिलेली बायबल-बाईची मुलगी, कबरस्तानात ज्यांची लेकरे पुरली आहेत ती माणसे, शाळा बंद झाल्यास ज्यांच्या मुलांस दोन कोस चालावे लागेल ते शेजारी, ह्यांपैकी किती जणांस सभेत उभे राहून दोन वाक्ये बोलता येतात? प्रतिनिधी नसल्यामुळे त्यांस मत नाही, हे आम्ही मान्य करितो. त्यांस बोल का नाही, एवढेच आम्ही विचारतो.

ह्यावर पहिला आक्षेप स्त्रियांच्या संबंधाने येतो, आणि तो शास्त्राच्या नावाने येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावे असे पौल लिहितो, हे खरे. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना व संदेश देताना मस्तक कसे ठेवावे हे तो सांगतो. जी बोलतच नाही तिला बोलताना पदर घे असे कोण सांगेल? चौदाव्या अध्यायात गप्प राहण्याची आज्ञा केवळ स्त्रियांस आहे असेही नाही. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने गप्प राहावे. एक जण बोलत असता जवळ बसलेल्या दुसऱ्यास काही प्रकट झाले तर पहिल्याने गप्प बसावे. तिघांस सांगितलेल्या गोष्टीतील दोघांस आपण सवलत दिली आणि तिसरीकडून मात्र ती दोन हजार वर्षे वसूल केली. ह्या विषयावर विद्वानांत मतभेद आहेत व ते आम्ही मिटवू शकत नाही. तरी आपल्या महाराष्ट्रातील एक गोष्ट विसरता येत नाही. पंडिता रमाबाई ह्यांची साक्ष १८८२ साली हंटर ह्यांच्या शिक्षण कमिशनने पुण्यास घेतली. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या, व त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मागितल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या विद्यालयात असता त्यांनी पुरुषांस शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा इकडील बिशपांकडून नकार गेला. सरकारने जिचे ऐकून घेतले तिला मंडळीच्या वडिलांनी हळू बोलण्यास सांगितले! रमाबाईंनी पत्रांतून आपल्या विवेकाची बाजू निर्भीडपणे मांडली आणि कोणाची मर्जी राखली नाही. तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेले. दक्षिण भारतीय मंडळीने २०१३ साली एका स्त्रीस बिशप केले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रोम येथे भरलेल्या सिनडात ५४ स्त्रियांस प्रथमच मताचा अधिकार मिळाला. खेड्यातील मंडळीत मात्र स्त्रियांनी केलेल्या चहाचा ठराव आभारासह मंजूर होतो आणि त्यांचे बोलणे तेथेच संपते. भारतीय वारसा कायदा १९२५ ख्रिस्ती कन्येस बापाच्या मिळकतीत पुत्राइतकाच वाटा देतो. जमिनीत वाटा आणि सभेत मौन, ही आमची विचित्र स्थिती आहे.

दुसरा आक्षेप वर्गणीचा. ज्याची वर्गणी थकली त्यास सभेत बोलू देऊ नये, असे कित्येक मंडळ्यांत चालते. कोठे नियमाने, कोठे चिटणीसांच्या नुसत्या पाहण्याने. पाळकाचा पगार वर्गणीतून निघतो, तेव्हा वर्गणीस आम्ही हलके म्हणू असे कोणी समजू नये. अधिकाराच्या जागी बसणाऱ्याने आपली वर्गणी दिलेली असावी, हेही योग्य. परंतु थकबाकीदारांत पुष्कळदा तोच मनुष्य असतो ज्याच्या हाताला त्या वर्षी काम नव्हते, आणि मंडळीच्या मदतनिधीविषयी सर्वांत जास्त माहिती त्यालाच असते. याकोबाने सोन्याच्या अंगठीवाल्याची व मळक्या वस्त्राच्या दरिद्र्याची गोष्ट सांगितली ती सभेतील जागेसंबंधानेच होय. एकास येथे बसा, दुसऱ्यास तेथे उभा राहा. आम्ही खुर्च्या सारख्या केल्या आणि भेद वहीत नेऊन ठेवला.

तिसरा आक्षेप सुव्यवस्थेचा, व तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. सगळेच बोलू लागले तर सभा रात्रभर चालेल. जो आता मंदिराच्या पायरीवर कुरकुरतो तो आत येऊन गर्जेल. हे भय खोटे नव्हे. लोकांच्या आवाजात देवाचा आवाज असतोच असे आम्ही म्हणत नाही. कनान देश हेरून आलेल्या कालेब व यहोशवा ह्यांस धोंडमार करावी असे सर्व मंडळीच म्हणाली होती. तेव्हा बहुतांच्या बोलण्यावर विसंबा असा आमचा सल्ला नाही. आमचे सांगणे ह्याच्या उलट आहे: मताचे काम मोजण्याचे, आणि बोलाचे काम उजेड आणण्याचे. उजेड एकाच्या हातातही असू शकतो, आणि तो एक जण यादीत नसेल. एल्दाद व मेदाद ह्यांची नावे लिहिली होती, पण ते मंडपाकडे न जाता छावणीतच राहिले व तेथेच संदेश देऊ लागले. तेव्हा त्यांस मना करा असे म्हणणारा कोणी दुष्ट नव्हता, मोशेचा विश्वासू सेवक यहोशवाच होता. व्यवस्थेवर प्रेम करणारी भली माणसेच बहुधा लोकांची तोंडे बंद करितात. मोशेने त्यास काय उत्तर दिले ते वाचकांनी गणनेच्या अकराव्या अध्यायात पाहावे.

सुव्यवस्था राखून बोलू देता येते, ह्यास जुने दाखले आहेत. १६४३ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरची सभा भरली, तिला स्कॉटलंडच्या मंडळीने आपले थोडे आयुक्त पाठविले. त्यांस बसण्याचा व बोलण्याचा अधिकार होता, मताचा नव्हता. तरी त्या सभेच्या कामावर त्यांची छाप केवढी पडली! जो विश्वासाचा अंगीकार तेथे तयार झाला तो स्कॉटलंडने १६४७ साली आपला म्हणून स्वीकारला, आणि पुढे तो मानणारेच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी कोल्हापुरास व १८७३ साली रत्नागिरीस आले. त्याच अमेरिकन मंडळीच्या महासभेत आज तरुणांचे सल्लागार प्रतिनिधी बसतात. ते बोलू शकतात, आणि मुख्य मतदानापूर्वी त्यांचा कल विचारून सभेपुढे ठेविला जातो. निकाल मात्र नेमलेल्या प्रतिनिधींच्या मतांनीच लागतो. आमच्या प्रांतिक सभांनी हे उदाहरण घेतल्यास कोणते आकाश कोसळेल हे आम्हांस समजत नाही. वेळेस मर्यादा घाला, मनुष्यास घालू नका. तीन मिनिटे म्हणजे पुष्कळ झाली. सलाफहादाच्या मुलींचे भाषण त्याहून लहान आहे.

यरुशलेमच्या सभेविषयीही एक शब्द. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात परजातीय विश्वासणाऱ्यांच्या सुंतेचा वाद आहे. पेत्र बोलला, बर्णबा व पौल बोलले आणि सर्व लोक गप्प राहून ऐकत होते, याकोबाने शेवट केला. पण ज्यांच्या शरीरावर तो ठराव उतरणार होता त्या परजातीयांपैकी कोणी तेथे उभा राहून बोलल्याचे लिहिलेले नाही. त्यांच्या वतीने बोलणारे मात्र त्यांच्यात राहून आलेले होते, आणि त्यांच्यामध्ये देवाने काय केले तेच त्यांनी सांगितले. जेथे मनुष्य स्वतः येऊ शकत नाही तेथे निदान त्याच्या अंगणात बसून आलेल्याने त्याच्या वतीने बोलावे, एवढा धडा त्यातून आम्ही घेतो. धर्मप्रांताच्या कचेरीत बसून खेड्यातील मंडळीची गरज सांगणारे पुष्कळ भेटतात.

हे आम्हां भारतीय ख्रिस्ती लोकांस नव्याने शिकवावे लागू नये. १९१० साली एडिंबरो येथे जगातील मिशनांची परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी, आणि त्यांत आशियातील माणसे वीसेकच. आमच्या मंडळ्यांचे भविष्य तेथे ठरत होते. त्या थोड्यांपैकी दक्षिणेचे व्ही. एस. अझरिया ह्यांनी उठून मिशनरी व देशी सेवक ह्यांच्यातील अंतराविषयी स्पष्ट बोलून मैत्रीची मागणी केली, तेव्हा कित्येकांस ते रुचले नाही. ते बोलणे आज आठवते. न रुचलेल्यांची नावे कोणास आठवतात? रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली व देवाच्या दरबाराची कल्पना मांडली, तिच्या मुळाशीही हीच तळमळ होती की ख्रिस्ताची मंडळी ह्या मातीतील माणसांच्या तोंडून बोलावी. मिशनऱ्यांनी आपणांस बोलू द्यावे म्हणून आपल्या आजोबांनी झगडा केला. ती खुर्ची आता आपल्याला मिळाली आहे. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हापासून आपल्या सिनडात परक्याचे राज्य आहे असे कोणी म्हणू शकत नाही. मग खेड्यातील मनुष्य प्रांताच्या सभेस भितो तो कोणास भितो?

थोडेसे पाळकांविषयी. आमचाच वर्ग असल्यामुळे येथे हात राखण्याचे कारण नाही. पाळक अध्यक्षस्थानी बसतो, विषय तोच मांडतो, आपले मत तोच प्रथम सांगतो, आणि मग विचारतो, कोणास काही बोलावयाचे आहे काय? पाळकसाहेब बोलल्यावर खेड्यात कोण बोलणार! त्या शांततेस एकमत असे नाव देऊन ती इतिवृत्तात लिहिली जाते. खरे बोलणे मग विहिरीवर होते, आणि त्यास आम्ही चहाडी म्हणतो. अध्यक्षाने शेवटी बोलावे, ही साधी रीत जरी पडली तरी पुष्कळ बदल होईल. दुसरे, पुस्तकी मराठी. मुद्द्याचा प्रश्न, उपसूचना, तहकुबी, हे शब्द ज्यास येतात तो सभा जिंकतो. आपल्या बोलीत सरळ सांगणाऱ्या आजीस, बाई, मुद्द्यावर या, असे सांगितले जाते, वास्तविक सगळ्या सभेत मुद्द्यावर तीच असते.

शेवटची गोष्ट लहान दिसेल, परंतु आमच्या अनुभवाने ती सर्वांत मोठी आहे: सभेची तारीख. जुलैत लावणी चालू असता सभा ठेवली तर शेतात वाकलेल्या बाया येत नाहीत. मे महिन्यात ठेवली तर मुंबईचे चाकरमानी सभासद येतात. ते पैसा आणतात, शिकलेले असतात, त्यांचे प्रेमही खरे असते, आणि वर्षभर ज्या मंदिरात ते बसत नाहीत त्याचे वर्षाचे निर्णय दोन तासांत करून रात्रीच्या गाडीने परततात. संध्याकाळी ठेवली तर चुलीपुढच्या स्त्रिया नाहीत, भल्या सकाळी ठेवली तर होडीवरचे पुरुष नाहीत. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी गावातील स्त्रियांची निराळी सभा घ्यावी असा नियम आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे नाही, पण नियम शहाणपणाचा आहे. मंडळीनेही वार्षिक सभेच्या आधीच्या आठवड्यात वाडीवाडीवर अशी बैठक घ्यावी, तेथे जे बोलले गेले ते बोलणाऱ्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे, आणि वार्षिक सभेत हिशेबाच्याही आधी ते मोठ्याने वाचावे. येत्या वर्षाच्या सभेची तारीख बहुतेक मंडळ्यांत अजून ठरावयाची असेल. ती कोण ठरवितो, आणि ठरविताना कोणाकोणास विचारितो, हे वाचकांनी येत्या रविवारी उपासनेनंतर आपल्या चिटणीसांस विचारून पाहावे.